शेंदराखालचा जागल्या

त्या दगडाला पहिला शेंदूर मी लावला. भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, स्टीलच्या वाटीत तेलात शेंदूर कालवून, उजव्या हाताच्या चार बोटांनी. उभा जन्म शाळेतल्या पोरांना डोळे उघडे ठेवायला शिकवणाऱ्या बाईने हे केलं, आणि वर तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पुढची दोन वर्षं त्या कौतुकाची भरपाई करण्यात गेली.

तापीकाठच्या आमच्या गावात आम्ही चार-पाच रिकामटेकड्यांनी इतिहास मंडळ काढलं आहे. रिकामटेकडे हा शब्द गावाचा. आम्ही स्वतःला सभासद म्हणतो. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून लहानथोर सगळे मला ‘बाई’ म्हणतात. अध्यक्ष केळी आणि कापूस पिकवणारे एक गुजर शेतकरी, त्यांना आम्ही ‘भाऊ’ म्हणतो. बैठक त्यांच्या केळीच्या शेडमध्ये भरते. तिसरे नंदुरबारचे चाचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याच्या पेट्या बनतात, आणि आमचं संग्रहालय म्हणजे त्यांनीच ठोकून दिलेल्या तीन पेट्या. धान्याची लाकडी मापं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कापसातली सरकी काढायचं एक हातयंत्र, लग्नांचे पिवळे पडलेले फोटो, असं काय काय त्यांत आहे. महिन्यातून एकदा आम्ही पेट्या टेम्पोत टाकतो आणि कुठल्या तरी गावी जाऊन उघडतो. रनाळ्याला शाळेच्या ओसरीवर उघडल्या आहेत, खापर गावच्या बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत पथारी टाकून उघडल्या आहेत. बाजारात लोक आधी भाव विचारतात आणि विकायचं नाही म्हटलं की चक्क रागावतात. मग मात्र तिथेच बसकण मारून ऐकतात.

मंडळाचा एकच कडक नियम आहे आणि तो मी घातलेला आहे: आधी गोष्ट, मग वस्तू. कुणी म्हणालं, घरात पणजोबांची तलवार आहे, तर लगेच तलवार बघायला धावायचं नाही. आधी समोर बसायचं, त्या घराने जे ऐकलंय ते फोनवर नोंदवून घ्यायचं, आणि त्यानंतरच ती तलवार बाहेर काढायची. वस्तू डोळ्यांसमोर असली की माणूस तिच्याकडे बघत बघत गोष्ट जुळवतो. चित्रवर्णनाच्या तासाला चौथीची पोरं हेच करायची. भाऊंना या नियमाचा भारी कंटाळा. ते म्हणायचे, बाईंनी पेन्शन घेतली पण छडी काही खाली ठेवली नाही.

आता दगडाचं. गावाच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला एक दगड जमिनीतून हातभर वर डोकावत होता. त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले, बाकी सगळा भाग मातीत गाडलेला. गावासाठी लढताना पडलेल्या माणसाच्या नावाने पूर्वी असे दगड उभे करत, त्यामुळे आम्हाला तो म्हणजे घबाडच वाटत होता. तो खणून काढायची परवानगी मिळावी म्हणून आम्ही अर्जावर अर्ज करत होतो, तेवढ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, दगड मध्ये येतो, फोडून भरावात टाकू. मी त्याला इतिहास सांगितला, त्याने जांभई दिली. मी त्याला अर्ज दाखवला, तो म्हणाला, साहेबांना दाखवा. साहेब सोमवारी येणार होते आणि जेसीबी शुक्रवारी.

म्हणून गुरुवारी दुपारी मी वाटी घेऊन निघाले.

शुक्रवारी मला पेन्शनच्या कामासाठी नंदुरबारला जावं लागलं. मागे काय घडलं ते भाऊंनी सांगितलं. जेसीबीच्या चालकाने शेंदूर पाहिला, खाली उतरून चपला काढल्या आणि हात जोडले. ठेकेदाराचा माणूसही नरमला. दगड मग पट्ट्यांनी बांधून बाळंतिणीला उचलावं तसा उचलला गेला, आणि रस्त्यापलीकडे लिंबाखाली विटांचा ओटा रचून त्यावर उभा राहिला. इथवर माझा बेत तंतोतंत जमला होता. पण मी संध्याकाळी एसटीतून उतरले तेव्हा ओट्यावर छातीएवढा एक लालभडक देव उभा होता. खालचा भाग मातीने लडबडलेला होता, तो धुवायचंही कुणाला सुचलं नाही. मातीवरच शेंदूर थापलेला. दगडावर काय कोरलंय ते कुणीच पाहिलं नव्हतं. फोटो तरी काढला का, असं मी भाऊंना विचारलं. त्यांनी फोन पुढे केला, त्यात आरतीचा फोटो होता.

“बाई, आपुन गावले देव दिधा,” भाऊ म्हणाले. “आते गाव तो परत कशाले देई?” आणि वर हसले. केळीचा अख्खा घड त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

देवाचं बस्तान पाहता पाहता बसलं. मंगळवारची आरती सुरू झाली. पुढाकार भाऊंच्या थोरल्या भावजयीचा, ज्यांना सगळं गाव ‘भाभी’ म्हणतं. भाभी म्हणजे कडक सोवळं, खणखणीत आवाज आणि कामाला वाघीण. नातसुनेचं अवघड बाळंतपण सुखरूप पार पडलं तेव्हापासून तर त्यांची त्या दगडावर अपार श्रद्धा. दर मंगळवारी शेंदराचा नवा थर चढायचा. ओट्याला फरशी बसली, वर पत्रा आला, आणि मांस-मद्याला इथे मनाई आहे अशी पाटीही लागली. मी मनात म्हणायचे, असू दे, दगड फुटला तर नाही. माझं समाधान होळीपर्यंत टिकलं.

होळी होऊन चार दिवस झाले होते. डोंगरातल्या काठी गावची होळी पाहून परतलेले पाहुणे अजून गावच्या भिल्ल वस्तीत मुक्कामाला होते. सकाळी दूध आणायला निघाले तर नव्या रस्त्याच्या बरोब्बर मध्ये एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. मी ओळखलं. वस्तीतले आजोबा. त्यांची नातवंडं माझ्या हाताखाली शिकली होती. बाटलीतून ते मोहाच्या दारूची बारीक धार डांबरावर धरत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मागून टेम्पो हॉर्न वाजवत होता, त्यांना त्याचं भानही नव्हतं. ते उठले तेव्हा मी विचारलं, आजोबा, हे काय?

“मन्हा पितर आठे व्हता ना,” ते म्हणाले, आणि लिंबाकडे बोट केलं. “आते तो तठे उभा शे, आन माले तठे उभा ऱ्हाऊ देतस नही.”

दगडाला दर होळीनंतर धार पडायची. त्यांच्या घरचा कर्ता माणूस पहाटेच येऊन धार धरायचा आणि निघून जायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. अर्ज मी साहेबांना केले, ठेकेदाराच्या माणसाला व्याख्यान दिलं, आणि ज्यांचा दगड त्यांच्या दारात एकदाही गेले नाही. दूध न घेताच मी घरी परतले. मला स्वतःची लाज वाटली.

त्या रविवारी मी, भाऊ आणि चाचा वस्तीत गेलो. नियमाप्रमाणे फोन समोर ठेवला आणि आजोबांना म्हटलं, तुमच्या घराने जे ऐकलंय ते सांगा. आजोबांचे पूर्वज गावचे जागले, म्हणजे गावाची राखण करणारे. एकदा लुटारूंनी गावाची सगळी जनावरं हाकत तापीपार नेली, तेव्हाची ती गोष्ट. “कोनी गया नही,” आजोबा म्हणाले. “तो गया, आन त्याना कुत्रा गया. ढोरे उनात, कुत्रा उना. तो उना नही.” जनावरं आणि कुत्रा परत आले, तो आला नाही. मग गावाने दगड कोरून घेतला आणि त्यावर तो, त्याचं धनुष्य, गाई आणि कुत्रा असं सगळं काढलं. आजोबांनी स्वतः हे चित्र कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या आजाच्या वेळेलाही दगड गाडलेलाच होता. पण घरात ते असंच सांगत आले होते.

मी ठरवलं, आता लपवाछपवी पुरे. ग्रामसभेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर कबूल केलं की हा देव बिव काही नाही, रस्त्यातून वाचावा म्हणून मीच त्याला शेंदूर लावला होता. मला वाटलं आता गहजब होईल, निदान शिव्या तरी पडतील. भाभी मायेने माझ्याकडे बघत म्हणाल्या, “बाई, देवनी तुमना हातघाई लाई लिधं.” देवाने माझ्या हातून लावून घेतलं म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण तर माझ्या पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी गुन्हा कबूल केला आणि त्याबद्दल मला नारळ मिळाला.

मग आम्ही आमच्या पद्धतीने जायचं ठरवलं. पेट्या या वेळी आमच्याच गावात, मारुतीच्या पारावर उघडल्या, आणि चाचांनी आणलेल्या स्पीकरवर आजोबांची गोष्ट लावली. बायका धान्य निवडता निवडता आल्या होत्या, त्यांचे हात थांबले. गोष्ट संपली. मग भाभी उठल्या. “गोट चांगली शे. पन खरी का खोटी, कोनले ठावं?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. खरं तर इतिहास मंडळाने विचारायचा तोच प्रश्न होता. पण माझं डोकं तापलं की तोंड आधी चालतं. मी म्हटलं, आणि शेंदराखाली कुत्रा निघाला तर?

“निंघना ते मान त्यासना,” भाभी म्हणाल्या. “नही निंघना ते परत हाई गोट काढानी नही.”

सगळ्या गावासमोर मी ‘ठीक’ म्हटलं आणि काय करून बसले ते मागाहून लक्षात आलं. माझ्या रागापायी मी दुसऱ्याचा पूर्वज पैजेवर लावला होता. खाली कुत्रा नसला तर? गोष्ट पिढ्यांच्या तोंडून आलेली, एखाद्या आजाने प्रेमाने तो कुत्रा घातलाही असेल. गोष्टीत असं होतं, मी शंभर वेळा पाहिलंय. पण मग आजोबांना त्या डांबरावरही कुणी बसू दिलं नसतं. मी वस्तीत जाऊन त्यांची माफी मागितली. ते विडी ओढत होते. “कुत्रा शे, बाई,” ते म्हणाले. “मन्हा बाप सांगे.” एवढंच.

पण शेंदूर खरवडून काढायची सोय नव्हती. शेंदराची खोळ देवाने आपणहून सोडायची असते. ती तडकली की उतरवून तापीत सोडतात. त्याआधी हात लावणं म्हणजे अपशकुन. तेव्हा तडकायची वाट बघणं आलं. त्या चैत्रात ती तडकली नाही. मी रोज दूध आणायच्या निमित्ताने ओट्याभोवती चकरा मारायचे आणि भाभी मला बघून म्हणायच्या, बाईंची भक्ती वाढली. भाऊंनी हळूच सुचवलं की रस्त्यावरून रोलर जाताना जरा जवळून नेला तर हादऱ्याने काम होईल. अध्यक्षपदावरून काढेन, अशी मी त्यांना धमकी दिली. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, आणखी एक होळी आली. आजोबांनी पुन्हा डांबरावर धार धरली. या खेपेला टेम्पोवाल्यांना थांबवायला मी रस्त्यात उभी होते. आजोबा थकले होते. नजर अंधुक झाली होती, उठताना त्यांना सून हात देत होती. पुढच्या होळीला ते असतील की नाही, हा विचार जेवतानासुद्धा माझ्या डोक्यातून जात नसे.

दुसऱ्या चैत्रात, एका मंगळवारी सकाळी, भाभी स्वतः माझ्या दारात आल्या. डोक्यापासून पायापर्यंत खोळीला तडा गेला होता. त्यांनीच तो पहिल्यांदा पाहिला होता. गपचूप वरून शेंदराचा एक हात फिरवला असता तर तडा बुजला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ते त्यांच्या मनात आलंसुद्धा नाही. उलट म्हणाल्या, “पहिला शेंदूर जो लावस, त्यानाच हातघाई खोळ उतरस. तुमीच म्हनतस ना, मी लाया म्हनीसन? मंग चाला.”

गाव लोटलं होतं. वस्तीतून ढोल आले होते, पण वाजत नव्हते. आजोबा ओट्याकडे आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, दगड पूर्वी ज्या बाजूला होता त्या कडेला, सुनेचा आधार घेऊन उभे राहिले. मी हात धुतले, नमस्कार केला आणि तड्यात बोटं घातली. इतके थर, पण आतून ते मातीवर बसलेले, त्यामुळे खोळ भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी सुटत आली. वर सूर्य, चंद्र. मग एक डोकं, मुंडासं बांधलेलं. मग धनुष्य, दोरी कानापर्यंत ओढलेली. लोकांत कुजबुज सुरू झाली. त्याखाली दोन गाई, एकीचं शिंग तुटलेलं. आणि त्याखाली नुसता चिखल, दगडासारखा वाळलेला.

“कुत्रा नही शे,” मागून कुणीतरी म्हणालं.

चाचा पुढे आले. त्यांनी ओलं फडकं चिखलावर दाबून धरलं, थोडा वेळ थांबले आणि बांबूची एक चपटी काडी माझ्या हातात दिली. “आहिस्ता, बाई. आहिस्ता.” मी काडीने कडा उकलत गेले. चिखलाचा एक ढपला पडला, खाली काहीच नाही, सपाट दगड. दुसरा पडला, तिथेही सपाट. तिसऱ्याखाली एक बारीक रेघ दिसली, वर वळलेली. मला वाटलं भेग आहे. मी डोळे पुसून पुन्हा बघेपर्यंत माझ्या खांद्यावरून वाकलेल्या भाभी ओरडल्या.

“शेपूट शे! अरे देखा, कुत्रा शे! कुत्रा शे!”

मग मी काडी टाकली आणि नखांनीच माती काढली. शेपूट, पाठ, चार पाय, आणि मान मागे वळवलेली. तो मालकाकडे वर बघत होता. ढोल वाजायला लागले. भाऊ, जे बैठकीत सुद्धा जागचे हलत नाहीत, ते रस्त्याच्या मधोमध उड्या मारत होते. चाचांनी मला मिठीच मारली असती, पण आमच्या दोघांच्याही वयाचा विचार करून त्यांनी ती भाऊंना मारली. मी खाली फरशीवर बसून रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

भाभी मात्र तिथे नव्हत्या. त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. त्यांनी आजोबांसमोर उभं राहून म्हटलं, “बाबा, चाला,” आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा हात धरला. एका बाजूला सून, एका बाजूला भाभी, असे आजोबा ओट्यावर आले. त्यांना नीट दिसत नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी चाचपत गेले. धनुष्य, मग गाई, मग खाली कुत्रा. कुत्र्यावर त्यांचा हात बराच वेळ राहिला.

भाऊंनी कुणी न सांगता पत्र्यावरची पाटी काढून बगलेत धरली. सुनेच्या पिशवीत बाटली होती, पण ती बाहेर काढायचा तिला धीर होईना. ती भाभींकडे बघत होती.

“तुमनी जी रीत शे ती करा,” भाभी म्हणाल्या, आणि दोन पावलं मागे सरून त्यांनी जागा करून दिली.

आजोबांनी दगडाच्या पायाशी धार धरली आणि त्यांच्या भाषेत, भिल्लीत, बोलू लागले. ढोल थांबले. मला त्यातलं फार कळलं नाही. त्यांचं बोलणं झाल्यावर मी सुनेला हळूच विचारलं, काय म्हणाले?

ती जरा संकोचली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “ते त्याले सांगी ऱ्हायनात, तू ज्यासना ढोरे परत धाडात, त्या सम्दा आज उनात.”

भाभींनी पदर डोक्यावर सारखा केला, पुढे झाल्या आणि त्या जागल्याच्या पायाशी, सांडलेल्या दारूच्या ओलीवर, कपाळ टेकलं. त्यांच्या मागे भाऊ आले, मग बाकीचे. त्या रांगेत गावातलं एकही घर सुटलं नव्हतं.